भोजपूरचे अपुरे राऊळ

मराठी घरात राजा भोजाची पहिली ओळख होते ती इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, तर म्हणीतून. 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' ही म्हण आपण बालपणी शेकडो वेळा ऐकतो आणि भोज म्हणजे ऐश्वर्याचे दुसरे नाव अशी समजूत करून घेतो. पुढे बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'तील कथा कानांवर येतात. त्यांत कालिदास भोजाच्या दरबारात समस्यापूर्ती करताना दिसतो. प्रत्यक्षात कालिदास भोजाच्या कित्येक शतके आधीचा. कल्पनेतील हा भोज इतका लोकप्रिय झाला की इतिहासातील भोज त्याच्या आड गेला. आपण मात्र भोपाळचे रहिवासी आहोत आणि इतिहासातील भोजाने स्वतः मांडलेले, परंतु कधीच पूर्ण न झालेले एक काम आपल्या घरापासून सुमारे अठ्ठावीस किलोमीटरांवर उभे आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहिण्याची आज्ञा झाली तेव्हा आम्ही हाच विषय निवडला. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. बी.ए.ला घेतलेला इतिहास आणि केंद्र सरकारच्या नोकरीने घडविलेला मुलखाचा प्रवास, एवढेच आमचे भांडवल.

भोजाचा काळ सामान्यतः इ. स. १०१० ते १०५५ असा मानतात. तो परमार वंशातील. धार ही त्याची राजधानी. तलवार आणि लेखणी या दोन्हींवर हक्क सांगणारे राजे आपल्या इतिहासात थोडे. भोज त्यांत अग्रगण्य. काव्यशास्त्रावरील 'सरस्वतीकंठाभरण' व 'शृंगारप्रकाश', योगसूत्रांवरील 'राजमार्तंड' ही वृत्ती, ज्योतिषावरील 'राजमृगांक' असे अनेक ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा म्हणजे वास्तुशास्त्रावरील 'समरांगणसूत्रधार' हा त्र्याऐंशी अध्यायांचा ग्रंथ. त्यात नगररचनेपासून देवालयांच्या प्रकारांपर्यंत आणि यंत्रांच्या वर्णनापर्यंत सर्व काही आहे.

आपल्या महाराष्ट्राशीही या घराण्याचा संबंध आहे, आणि तो नेहमीच स्नेहाचा नव्हता. इ. स. १०२० मधील बांसवाडा व बेटमा येथील भोजाच्या ताम्रपटांत कोकणविजयाच्या पर्वानिमित्त भूमिदान केल्याचा उल्लेख आहे. उलटपक्षी भोजाचा चुलता मुंज हा गोदावरी ओलांडून दक्षिणेत उतरला असता कल्याणीच्या चालुक्यांचा मूळपुरुष तैलप याच्या हाती सापडला आणि परमुलखात, कैदेत मारला गेला. पुढे सात शतकांनी चक्र फिरले. अठराव्या शतकात धारच्या गादीवर मराठी पवार आले आणि ते स्वतःला परमारांचेच वंशज मानीत. त्याच धार संस्थानातील शिक्षणखात्याचे अधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ साली तेथील एका शिलालेखातील संस्कृत नाटिका उजेडात आणली. तेव्हा भोजाच्या मुलखाशी आपले नाते केवळ बदलीच्या हुकुमाने जुळलेले नाही, हे ध्यानात ठेवावे.

भोपाळहून नर्मदापुरमच्या, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादच्या, रस्त्याने निघावे आणि अकरा मैलाच्या नाक्यावरून डावीकडे वळावे. मंडळातील चार-पाच कुटुंबांसह आम्ही गेलो तो हिवाळ्याचा दिवस होता. दोहो बाजूंस गव्हाची शेते, मधूनच खडकाळ टेकाड, असा प्रदेश ओलांडला की बेतवेच्या काठची टेकडी दिसू लागते. कालिदासाने मेघदूतात वेत्रवती म्हटली ती हीच नदी. टेकडीच्या माथ्यावर एक प्रचंड, करड्या-तांबूस दगडांची चौकोनी वास्तू बसलेली दिसते. तिला शिखर नाही. दुरून पाहणाऱ्यास ती देवालयापेक्षा एखाद्या किल्ल्याचा बुरूज वाटावी. रायसेन जिल्ह्यातील हेच भोजपूरचे भोजेश्वर मंदिर.

जवळ गेल्यावर मोजमापांचा अर्थ कळतो. ज्या चौथऱ्यावर मंदिर उभे आहे तोच सुमारे ११५ फूट लांब, ८० फूट रुंद आणि १३ फूट उंच. त्यावर बाहेरून प्रत्येक बाजूस ६५ फूट भरणारा चौरस गाभारा. दरवाजा ३३ फूट उंच असून त्याच्या दोहो अंगांस नदीदेवता, गण व अप्सरा कोरलेल्या आहेत. आत शिरले की प्रथम दृष्टी जाते ती शिवलिंगाकडे. साडेसात फूट उंच आणि जवळजवळ अठरा फूट घेराचे हे घोटीव लिंग चुनखडीच्या शिळा एकावर एक रचून केलेल्या, साडेएकवीस फुटी चौरस पीठावर उभे आहे. पूजेसाठी पुजाऱ्यास शिडीने वर चढावे लागते. भोवताली चाळीस फूट उंचीचे चार अष्टकोनी स्तंभ आहेत. त्यांच्या वरच्या हातांवर शिवपार्वती, लक्ष्मीनारायण, रामसीता आणि ब्रह्मा व त्याची शक्ती अशी दैवी युगुले आहेत. त्याहून वर अत्यंत नाजूक कोरकामाचे छत आहे. परंतु ते मध्यभागी मिटलेले नव्हते. कित्येक शतके त्या मोकळ्या भागातून ऊन आणि पाऊस थेट पिंडीवर पडत होते.

बाहेरच्या भिंती पाहताना हीच विसंगती जाणवते. दर्शनी भाग आणि उत्तरेकडील अभिषेकाचे पाणी वाहून नेणारे मकरमुख सोडले तर भिंती जवळजवळ कोऱ्या आहेत. तीन बाजूंस उंचावर सज्जे काढलेले आहेत, पण त्यांत जाण्यास आतून वा बाहेरून वाट नाही; ते केवळ शोभेचे. समोर सभामंडप नाही. ज्याने खजुराहोची किंवा आपल्या अंबरनाथची मंदिरे पाहिली आहेत, त्यास येथे काहीतरी राहून गेले आहे असे वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु भोजपूरचे खरे दर्शन मंदिराच्या मागील बाजूस घडते. सामान्य यात्रेकरू पिंडीचे दर्शन घेऊन पायऱ्या उतरतो आणि नेमके पाहण्यासारखे पाहावयाचे राहते. ईशान्येच्या कोपऱ्याकडे एक लांबलचक चढण दिसते. वालुकाश्माच्या तुकड्यांवर माती आणि वाळू अंथरून केलेली ही उतरंड सुमारे ३०० फूट लांब असून चाळीस फुटांपर्यंत चढत जाते. हीच त्या काळची यारी. खाणीतील शिळा या चढणीवरून ओढत भिंतीच्या माथ्यापर्यंत न्यावयाच्या आणि जागेवर बसवावयाच्या. एरवी मंदिर पुरे झाले की अशी चढण मोडून टाकीत आणि तिचा मागमूस उरत नसे. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी एवढाले दगड वर कसे नेले असतील याविषयी आपण घटकाभर आश्चर्य करतो आणि चमत्कारावर भागवतो. येथे चमत्काराचे कारण नाही. साधन समोर पडलेले आहे.

चढणीच्या पलीकडे खाणी आहेत. त्यांत अर्धवट तासलेल्या शिळा, घडवून ठेवलेले पण कधीच न उचललेले वास्तूचे भाग पडून आहेत. आणि त्याहून विलक्षण म्हणजे सपाट खडकांवर कोरलेले आराखडे. कागद दुर्मीळ असलेल्या त्या युगात सूत्रधाराने उघडा खडक हाच आपला फलक केला. स्तंभ, शिखरे, अधिष्ठानाचे थर, मंडपाचे तलविन्यास यांच्या रेषा त्यावर कोरून ठेवल्या. पाथरवटांनी त्या पाहून दगड घडवावयाचे. असे आराखडे इतक्या मोठ्या संख्येने अन्यत्र क्वचितच टिकले आहेत. त्यांवरून विद्वानांनी असा निष्कर्ष काढला की भोजाच्या मनात हे एकच मंदिर नव्हते. या टेकडीवर मंदिरांचा एक विस्तीर्ण समूह उभारावयाचा होता. अॅडम हार्डी या ब्रिटिश अभ्यासकाने या रेषांची 'समरांगणसूत्रधारा'तील वचनांशी तुलना करून २०१५ साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ग्रंथातील शास्त्र आणि खडकावरील प्रत्यक्ष व्यवहार असे शेजारी शेजारी ठेवून वाचता यावेत, हे भाग्य भारतातील फार थोड्या वास्तूंच्या वाट्यास आले आहे.

आम्हांस सर्वांत अधिक हेलावून सोडले ते पाथरवटांच्या खुणांनी. मंदिराच्या दगडांवर आणि खाणींत मिळून अशा तेराशेच्या आसपास खुणा नोंदल्या गेल्या आहेत. चक्र, त्रिशूळ, शंख, एखादे अक्षर. आणि त्यांत पन्नासएक व्यक्तींची नावेदेखील. कोणी किती दगड घडविले याचा हिशेब ठेवण्यासाठी त्या असाव्यात असे मानतात. भिंती पूर्ण तासून घोटल्या गेल्या असत्या तर त्यांतील कितीतरी खुणा पुसल्या गेल्या असत्या. काम थांबले म्हणून मजुराचे नाव राहिले! गंमत अशी की खुद्द भोजाचे नाव या शिवमंदिरावर कोठेही कोरलेले नाही. ते मिळते गावातीलच एका जैन मंदिरातील मूर्तीच्या पीठावर. तीर्थंकराची सुमारे वीस फूट उंच मूर्ती असलेले ते मंदिरही अपुरेच राहिलेले आहे.

मग काम थांबले का? आम्ही आयुष्य सरकारी कचेरीत घालविले. तेथे एखादे काम अर्धवट सोडावयाचे झाल्यास फाइलवर कारण लिहावे लागते. भोजाच्या खात्याने तसा शेरा मागे ठेवलेला नाही, त्यामुळे तर्क चालतात. भोजाच्या अखेरच्या दिवसांत गुजरातचा भीम आणि चेदीचा कर्ण यांनी एकत्र येऊन माळव्यावर चाल केली आणि त्या धामधुमीत भोजाचा अंत झाला. दक्षिणेकडून चालुक्य सोमेश्वरानेही धारा नगरी लुटली होती. राजा गेला, खजिना आटला, पाथरवट पांगले, हे एक स्पष्टीकरण. पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी दुसरी शक्यता मांडली. छताचा भार मोजण्यात गणिती चूक होऊन ते कोसळले असावे आणि पुढे ते पुन्हा उभारण्यास भोजास सवड मिळाली नसावी, असा त्यांचा तर्क. भोजाच्याच वंशातील उदयादित्याने विदिशेजवळच्या उदयपूर येथे १०८० च्या सुमारास एक देखणे शिवमंदिर पुरे करून दाखविले. म्हणजे हात आणि विद्या शाबूत होती. भोजपूरला मात्र पुन्हा कोणी हात घातला नाही.

मंदिर कोणासाठी, हाही प्रश्न आहेच. मुंबईचे विद्वान किरीट मनकोडी यांनी १९८७ साली असे प्रतिपादन केले की हे नित्याचे शिवालय नसून एखाद्या दिवंगताच्या स्मरणार्थ बांधावयास घेतलेला 'स्वर्गारोहणप्रासाद' असावा. मंडपाचा अभाव, सरळ चौरस तलविन्यास आणि नेहमीच्या वक्राकार शिखराऐवजी योजलेले ठेंगणे, पिरॅमिडसारखे छप्पर ही त्यांची कारणे. तो दिवंगत म्हणजे भोजाचा पिता सिंधुराज असेल किंवा गोदावरीपलीकडे शत्रूच्या कैदेत मेलेला चुलता मुंज असेल. हे मत सर्वमान्य नाही. तथापि परमुलखात, आप्तांवाचून मेलेल्या चुलत्यासाठी पुतण्याने एवढा डोंगर रचावयास घ्यावा ही कल्पना, घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात घर करून राहते.

भोजपूरची कथा जलाशयावाचून पुरी होत नाही. या डोंगररांगांतील खिंडी प्रचंड बांधांनी अडवून भोजाने बेतवा आणि कलियासोत यांचे पाणी एकत्र साठविले आणि एक सागरासारखे तळे निर्माण केले. टेकडीवरील मंदिराची जागा त्याच्याच काठाशी होती. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने हा बांध फोडला. फौजेला बांध फोडण्यास तीन महिने लागले, तळे रिते होण्यास तीन वर्षे आणि तळ वस्तीयोग्य होण्यास तीस वर्षे, अशी गोंडांत आख्यायिका आहे. त्याच सुलतानाच्या नावाचे होशंगाबाद २०२२ साली नर्मदापुरम झाले. विल्यम किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ साली या लुप्त तळ्याचा शोध लिहून प्रसिद्ध केला. आपल्या शहरातील मोठा तलावही भोजाचाच मानला जातो आणि २०११ साली त्यास 'भोजताल' असे नाव देण्यात आले. भोजाने जे पूर्ण केले, जे चार शतके लोकांच्या उपयोगी पडले, ते भोजपूरचे तळे आज नकाशावर नाही. आणि जे अपुरे राहिले ते मंदिर टेकडीवर तसेच उभे आहे. येताना रस्त्याच्या दोहो बाजूंस जी गव्हाची शेते आम्ही पाहिली, ती पुष्कळशी त्या तळ्याच्या तळावरच पिकतात.

परतण्यापूर्वी चढणीच्या पायथ्याशी शिदोऱ्या सोडल्या तेव्हा आमच्यात वाद रंगला. बांधकामाच्या व्यवसायात आयुष्य घालविलेले एक गृहस्थ म्हणाले, "आजच्या यंत्रांनी हे काम दोन-तीन वर्षांत पुरे होईल. सोमनाथ उभे राहिले, मग भोजपूर का नको?" त्यांच्या सौभाग्यवतींनी लगेच विचारले, "अहो, पण शिखर कोणते चढवाल? तुमच्या पुस्तकवाल्यांचे तरी त्यावर एकमत आहे का?" या प्रश्नावर सर्वच क्षणभर निरुत्तर झाले.

आमचे मत त्या माउलीच्या बाजूचे आहे. सोमनाथ पाडले गेले होते. तेथे जे होते ते परत उभे करावयाचे होते. भोजपूर पाडलेले नाही, ते थांबलेले आहे. शिखर मनकोडींच्या मताप्रमाणे चढवावे की हार्डींच्या, याचा निवाडा करील असा सूत्रधार आज हयात नाही. आपण चढवू ते शिखर आपले असेल, भोजाचे नव्हे. आणि ते चढविण्यासाठी चढण हटवावी लागेल, खाणीतील शिळा वापराव्या लागतील, भिंती घासाव्या लागतील. म्हणजे जगात इतरत्र जे दिसत नाही ते नष्ट करून, जे शेकडो ठिकाणी दिसते त्यात आणखी एकाची भर घालावयाची.

अपुरे ठेवणे म्हणजे दुर्लक्ष करणे मात्र नव्हे. १९५१ साली हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आले तेव्हा ते पावसाने आणि दगड काढून नेण्याने खिळखिळे झालेले होते. २००६-०७ मध्ये मुहम्मद यांच्या देखरेखीखाली एक मोडलेला स्तंभ नव्याने घडवून बसविण्यात आला. त्याच्या जातीचा दगड शोधता शोधता आग्र्याच्या परिसरात मिळाला. एवढ्या उंचीवर पोहोचणारी यारी न मिळाल्यामुळे कप्प्या आणि तरफा यांच्या साहाय्याने तो उभा करण्यात सहा महिने गेले. छताचा उघडा भागही हलक्या फायबरग्लासने झाकण्यात आला. मूळ दगडाचा भार पुन्हा भिंतींवर न टाकता पाऊस थांबला. ही दुरुस्ती होय. दुरुस्ती आणि पूर्ती यांतील भेद येथे नेमका पाळला गेला, याबद्दल त्या खात्याचे अभिनंदनच करावयास हवे. २०२४ साली या मंदिराचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले.

खरी काळजी खडकावरील रेषांची आहे. त्या केवळ वरवर कोरलेल्या. नऊशे-हजार वर्षांच्या पावसाने त्या आधीच पुसट झाल्या आहेत, त्यात माणसांची पावले. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. भाविकांनी यावेच, अपुऱ्या मंदिरातही पूजा चालू आहे, ही त्यांचीच पुण्याई. परंतु कुंपणाच्या आत शिरून, रेषांवर बसून जेवण करणे किंवा मुलांना त्यांवर खेळू देणे आपल्या हातून होऊ नये. आम्ही मुलांना चपला काढावयास सांगितल्या आणि दुरून रेषा दाखविल्या. त्यांतील एकीने विचारले, "हे होमवर्क कुणाचं?" आम्ही म्हणालो, "ज्याला शाळा संपायच्या आधीच उठावं लागलं, त्याचं."

वाचकांपैकी ज्यांनी भोजपूर अद्याप पाहिले नसेल त्यांनी गर्दीचा दिवस टाळून, सकाळी लवकर जावे. तिरपे ऊन असताना खडकावरील रेषा उठून दिसतात. माध्यान्ही त्या डोळ्यांना दिसत नाहीत. सवड असल्यास त्याच फेरीत भीमबेटका पाहावे. १९५७ साली तेथील चित्रगुहा जगापुढे आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर हे आपलेच.

जाता जाता एक सूचना मंडळाच्या कार्यकारिणीस. पन्नास वर्षांची आपली वाटचाल या स्मरणिकेत येईल. अध्यक्षांची आणि पाहुण्यांची नावे येतीलच. ती शिल्पपट्टाप्रमाणे दर्शनी भागावर असतात. परंतु गणेशोत्सवात सतरंज्या अंथरणाऱ्यांची, नाटकाचे पडदे रंगविणाऱ्यांची, वर्गणीच्या पावत्या घेऊन दारोदार हिंडणाऱ्यांची नावे जुन्या वह्यांत, हिशेबाच्या कागदांत आणि सभांच्या इतिवृत्तांत आहेत. जागा कमी पडते म्हणून ते कागद रद्दीत जाऊ नयेत. मंडळाच्या कपाटातील एक खण त्यांच्यासाठी राखून ठेवावा आणि त्यांची यादी करण्याचे काम एखाद्या तरुणाकडे सोपवावे. वय झालेल्या सभासदांकडून जुन्या छायाचित्रांतील माणसांची नावे लिहून घेण्यासही हीच वेळ आहे. या कामी आमची सेवा मंडळाने अवश्य घ्यावी.